मिलिसाव मिस्त्री आणि आमच्या ट्रॅक्टरचा शाफ्ट

मिलिसाव मिस्त्रीच्या गोठ्यात आता गाय नाही, लेथ आहे. तीस वर्षं तो खालच्या शहरात यंत्रांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडून सामानाचा लिलाव झाला तेव्हा लोकांनी खुर्च्या, पंखे, खिडक्यांच्या चौकटी उचलल्या. यानं गाय विकून लोखंड कातायचा लेथ आणला. त्याची बायको पेरुनिका आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "माझी दुभती गाय गेली आणि हा लोखंडी बैल दारात आला. शेणसुद्धा देत नाही मेला!"

पश्चिम सर्बियातल्या आमच्या टेकड्यांवर रास्पबेरीखेरीज फारसं काही पिकत नाही, आणि ट्रॅक्टर बहुतेक चालवणाऱ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांच्या चाकांचे शाफ्ट झिजतात, शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी सीलं गळतात. लोक दरवर्षी नवं सील आणून ठोकतात, महिन्याभरात तेल पुन्हा गळायला लागलं की दुकानदाराला शिव्या घालतात. मिलिसाव त्यांना शाफ्ट काढून दाखवतो. सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासून पोलादात बारीक खाच पाडते. डोळ्यांना ती नुसती चकाकती रेघ दिसते, म्हणून तो गिऱ्हाइकाचं बोट धरून तिच्यावरून नख फिरवायला लावतो. नख अडकलं तर सील कितीही नवं असो, तेल खाचेतून वाट काढणारच.

माझा नवरा ऑस्ट्रियात बांधकामावर असतो. इथे ट्रॅक्टर माझी मुलगी यास्ना चालवते. तेवीस वर्षांची आहे. जुलैमध्ये रोज संध्याकाळी ती वरच्या मळ्यातून क्रेट भरून खाली शीतगृहात नेते. वाटेत एक तीव्र उतार आहे आणि उताराच्या डाव्या हाताला घळ. ती सहाला उतरते, मी सव्वापाचपासून अंगणात काहीतरी काम काढून उभी असते. वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकते. इंजिनाचा आवाज वळणापाशी बदलला की श्वास घेते.

त्या गुरुवारी सकाळी उजव्या मागच्या चाकाची आतली बाजू मला काळी, ओली दिसली. बोट लावलं. तेल. ते तेल ब्रेकपर्यंत पोचलं की उजवा ब्रेक घसरणार, डावा एकटाच धरणार आणि ट्रॅक्टर डावीकडे ओढला जाणार. घळ डावीकडे.

"पेट्रोलने धुऊन टाकू गं," यास्ना म्हणाली. "सगळं गाव तेच करतं. चार दिवस चालतं."

"आणि पाचव्या दिवशी?"

"पाचव्या दिवशी पुन्हा धुऊ."

ती बेरी तोडायला वर गेली आणि मी ट्रॅक्टर हळूहळू मिलिसावकडे नेला.

त्यानं चाक काढलं, शाफ्ट बाहेर ओढला, फडक्यानं पुसला. मग माझं बोट धरलं. नख अडकलं. थोडं पुढे सरकवलं, पुन्हा अडकलं.

"दोन खाचा," तो म्हणाला. "पहिली ट्रॅक्टरच्या आधीच्या म्हाताऱ्या मालकाच्या वेळची. ही दुसरी कुणाची कारागिरी?"

गेल्या वर्षी सील मीच बदललं होतं. शेतकी कॉलेजात यंत्रांचा विषय होता मला, चांगले गुण पडले होते. खाच दिसली तेव्हा मी सील जरा आत ठोकलं, म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर बसेल. तेव्हा गळती थांबली आणि मी आठवडाभर ऐटीत होते.

"माझी," मी म्हणाले.

"युक्ती चांगली होती. पण एकदाच चालते, आणि त्या एका वर्षात शाफ्ट नीट करून घ्यायचा असतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं? आता कोरी जागा उरली नाही. उद्या दुपारी ये."

"मिस्त्री, वर पन्नास क्रेट तोडून होतील संध्याकाळपर्यंत!"

"मग पन्नास क्रेट उन्हात ठेवू नका."

पाचला यास्ना स्वतःच धापा टाकत आली. हात कोपरापर्यंत लाल. "मिलिसावकाका, चाक बसवा. आजचा दिवस जाऊ द्या. गावात एक ट्रॅक्टर रिकामा नाही. उद्यापर्यंत बेरीचं पाणी होईल."

"बसवतो," तो म्हणाला आणि खरोखरच पाना उचलला. "फक्त उतरताना आईला शेजारी मडगार्डवर बसव. डाव्या बाजूच्या."

यास्नानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, तिनं हो म्हटलं असतं तर मी बसले असते. निदान अंगणात उभं राहावं लागलं नसतं.

"तुम्ही फार वाईट माणूस आहात, काका," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

पेरुनिकानं तिच्यापुढे कॉफी ठेवली. "याच्यावर चिडू नकोस, पोरी. घाईच्या दिवसांत एकदा यानं गावातल्या ल्युबिशाला नुसतं सील घालून दिलं होतं. ल्युबिशा अजून काठी घेऊन चालतो. रविवारी येतो आमच्याकडे, आणि हा त्याच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघत बसतो."

"तू कॉफी दे," मिलिसाव म्हणाला, "आणि आत जा."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी वीस क्रेट पाठीवरून खाली आणले. उरलेले सावलीत ठेवले, पण सकाळपर्यंत मऊ पडले आणि रसासाठी गेले.

मिलिसावनं खाचांची जागा लेथवर थोडी कातून बारीक केली, पोलादाची पातळ नळी तापवून शाफ्टवर सरकवली. गार होताना तिनं शाफ्ट घट्ट धरला. मग ती घासून इतकी गुळगुळीत केली की माझं नख तिच्यावरून घसरून गेलं. तेल प्यायलेले ब्रेकचे लायनर त्यानं फेकून दिले आणि नवे घातले.

शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मळ्यात भरलेल्या क्रेटपाशी तो माझ्याआधीच पोचला होता. यास्नानं इंजिन चालू केलं तसा तो डाव्या मडगार्डवर चढून बसला.

"हे काय?" मी विचारलं.

"ब्रेकचं काम केलं की पहिल्या उताराला मीच बसतो. तू मागून चालत ये."

मी चालले कुठे, धावले. वळणावर ट्रॅक्टर थांबला, सुटला, पुन्हा थांबला. सरळ. खाली पोचल्यावर मिलिसाव उतरला आणि एकेक करून दोन्ही ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला.

"सारखे गरम," तो म्हणाला. "दोन्ही सारखं धरतायत."

यास्ना हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "झालं समाधान, आई?"

मीही हात नेऊन पाहिला. उजवा. डावा. परत उजवा.

"हा जरासा गारच लागतोय," मी म्हणाले.

"आई!"

मिलिसावनं माझ्याकडे पाहिलं, मग उताराकडे, आणि कंबरेवर हात ठेवून पुन्हा मडगार्डवर चढला.

"क्रेट उतरवून घ्या आधी," तो यास्नाला म्हणाला. "आणि वळव. अजून एकदा जाऊन येऊ."