वाटेत बसलेली कणसरी

आमची सून रंजना मंगळवेढ्याची. तिकडं ज्वारी, इकडं नागली. तिकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मलाही आत्या म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मी काय तुझ्या बापाची बहीण?" आमचं अख्खं पोशेरा गाव हसलं. आता दुसरं काही म्हणाली तर मलाच चुकल्यासारखं वाटेल.

माझा नितीन ठाण्याला बिल्डिंगच्या कामाला होता, तिथं ती विटा वाहायची. लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी परांचीवरून पडली. जीव वाचला, कंबर गेली. जव्हारच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, मणका सरकलाय, दुखणं जन्माचं, ओझं उचलायचं नाही. ओझं उचलायचं नाही म्हणे! आमच्याकडं पाणी डोक्यावर, सरपण डोक्यावर, भाताचा भारा डोक्यावर. मग बाईनं करायचं काय, मिरवायचं?

म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. आग लागो त्या मुंगीला, ती अजून निघालेलीच नाही. बाबल्या भगतानं सुपात तांदूळ टाकून पाहिलं, कोंबडा घेतला. तिनं माहेराहून आणलेल्या खंडोबाच्या टाकावर भंडारा वाहिला. इकडचा देव, तिकडचा देव, दोघंही मुके. ती रोज सकाळी भिंत धरून उठते, दात आवळून. आधी पाड्यातल्या बाया विचारायला यायच्या, मग यायच्या बंद झाल्या. रोज मरे त्याला कोण रडे. नितीन ठाण्याहून फोनवर विचारायचा, "बरं वाटतं का?" ती म्हणायची, "हो." मेली खोटारडी.

एकदा मला म्हणाली, "आत्या, मी तिकडची राहिले नाही आणि इकडची झाले नाही. नुसती खाटेवरची झाले." मी चिडून म्हटलं, "गप गं, भाकरी थाप." आणि चुलीपाशी जाऊन रडले.

आमच्या पाड्यात एक रीत आहे. भात झोडून झालं की खळ्यावर राशीची पूजा होते आणि पहिली टोपली घरची सून डोक्यावर घरी आणते. त्या टोपलीत कणसरी असते, आमची धान्याची देवी. टोपली वाटेत खाली टेकवायची नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची नाही. टेकली तर देवी तिथंच राहते आणि घर रिकामं. रंजना पडल्यापासून टोपली मीच आणायचे. औंदा मी हात पुढं केला, तर रंजनानं टोपलीला मिठीच मारली.

"कंबर नाही दिली देवीनं, राहू दे. पण मी या घरची आहे की नाही, एवढं तरी तिला विचारू द्या."

शेजारची पोशी म्हणाली, "मधेच टेकवलीस तर वर्षभर उपाशी बसाल!" मीही ओरडले. ऐकते कुठं! टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मी मागं मागं, जीव मुठीत धरून.

मोहाच्या झाडापाशी चढ आहे. तिथं तिचं पाऊल पुढं पडेना. मनात म्हटलं, संपलं. मला घेता येईना, तिला देता येईना. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती हळूहळू खाली बसली. ती बसली, टोपली नाही. टोपली डोक्यावरच, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"ऊठ गं," पोशी म्हणाली.

"उठवत नाही."

"देवीला असं वाटेत बसवतात होय?"

"ती कुठं कुरकुरतेय? तुम्हीच कुरकुरताय." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आत्या, हे दुखणं जायचं नाही. लई मागितलं, आता मागत नाही. पण ही बघा, डोक्यावर बसून राहिलीय. मला टाकून पुढं नाही गेली."

मी तिच्या मागं मातीत बसले आणि तिच्या पाठीला माझी पाठ लावली. तिचं प्रत्येक कण्हणं माझ्या पाठीत कळत होतं. पोशी थोडा वेळ बडबडली, मग तीही बसली. ऊन कललं, गुरं घराकडं गेली. शेवटी रंजना उठली, कशी ते तिचं तिलाच ठाऊक. घरात टोपली उतरवली आणि आडवी झाली ती पुढं कितीतरी दिवस आडवीच.

दुखणं गेलं नाही, वाढलंय. पुढच्या सालाला ती खळ्यापर्यंत तरी पोचेल असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटत नाही.

काल नितीनचा फोन आला. "बरं वाटतं का?"

"नाही," ती म्हणाली. "लई दुखतंय."

तो घाबरला. म्हणाला, "मी येतो, तुला घरी पोचवतो, मंगळवेढ्याला."

"घरी?" रंजना म्हणाली. "मी घरीच आहे की."