दादाच्या नावावर नव्हे, दादासाठी

माझा मोठा भाऊ विशीतला झाला तरी फारसं बोलायचा नाही. विचारलेला प्रश्नच तो जसाच्या तसा परत म्हणायचा. घरात पाहुणे आले की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसायचा. त्याला काय झालंय हे जळगावच्या डॉक्टरांना सांगता आलं नाही, धुळ्याच्याही नाही. लोक वेडा म्हणत. आईने तो शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. ‘‘तो मना पोऱ्या शे,’’ माझा मुलगा आहे, एवढंच ती म्हणायची.

वडील गेले आणि भडगावहून काका आले. माणूस चांगला. म्हणाले, ‘‘वहिनी, शेतातला तुमचा वाटा माझ्याकडेच राहू द्या. दादाला मी सांभाळीन.’’

‘‘आणि तुमच्यानंतर, भाऊजी?’’

‘‘माझी पोरं आहेत ना.’’

‘‘त्यांना विचारलंत?’’

आईने वाटा विकायचं ठरवलं. शेवटी काकांनीच तो विकत घेतला. त्यात आईने आपल्या पाटल्यांची भर घातली आणि जळगावजवळ पिंप्राळ्याला जागा घेऊन तीन खोल्या बांधल्या. एक दादाला राहायला, दोन भाड्याने द्यायला.

खोल्या दादाच्याच नावावर करा, असं सगळे सांगत होते. आईलाही ते पटलं होतं. पण एक दिवस पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला. त्याने आईच्या अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली, तर दादाने आधी आपला अंगठा बुडवला आणि पोस्टमनच्या पिशवीवर, भिंतीवर, माझ्या पुस्तकावर ठसे उठवत सुटला. हसत होता. आईचा चेहरा मात्र उतरला. ‘‘हा कुठल्याही कागदावर अंगठा देईल,’’ ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही धुळ्याला वकिलांकडे गेलो. त्यांनी मार्ग सांगितला: खोल्या विश्वस्ताच्या ताब्यात, भाडं दादाच्या पोटापाण्याला, आणि तो असेपर्यंत विकायची कोणालाच मुभा नाही.

‘‘विश्वस्त कोण?’’ वकिलांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा धुळ्यातच मास्तरकीचं शिकत होते, सुट्टीत घरी आले होते.

‘‘मुलगी आहे. उद्या लग्न होऊन जाईल.’’

‘‘सासरच्यांना हे सांगूनच देऊ,’’ आई म्हणाली.

मला कोणी विचारलंच नव्हतं. मी रागाने बाहेर आले. आई मागोमाग आली. ‘‘नको असेल तर आत्ता सांग, मी दुसरं कोणी बघते. पण एकदा हो म्हटल्यावर मागे फिरू नकोस.’’ मला भीती वाटत होती. तरी मी हो म्हणाले.

दोन स्थळं हे ऐकून परत गेली. तिसऱ्याने दस्ताचा मसुदा वाचायला मागितला. शांतपणे वाचून त्याने विचारलं, ‘‘यात दादांच्या औषधपाण्याची सोय कुठे आहे?’’ आईने वकिलांकडून तेवढं कलम घालून घेतलं, दस्त नोंदवला, आणि मग माझं लग्न ठरवलं.

पुढच्याच महिन्यात तिने दादाला पिंप्राळ्याच्या खोलीत नेलं. मी म्हटलं, ‘‘एवढी घाई का?’’

‘‘मी असतानाच त्याला सवय व्हायला हवी.’’

पहिले काही दिवस तो जेवला नाही, दारावर डोकं आपटत राहिला. आई शेजारच्या, अजून भाड्याने न दिलेल्या खोलीत राहिली. रडायची, पण त्याला परत आणलं नाही. तिसऱ्या खोलीतल्या भाडेकरूच्या बायकोने त्याचा स्वयंपाक करायचा आणि तेवढं भाडं कमी द्यायचं, असं आईने ठरवून टाकलं. हळूहळू दादा त्या बाईच्या हातचं जेवू लागला.

आई गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी भाड्याच्या पैशातून छपराची कौलं बदलून घेतली. दादा अंगणात उभा राहून कामगारांकडे बघत होता. कान त्याने दाबले नव्हते.