आत्याने वाचलेला तिसरा भाग

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत मेथीची जुडी निरखत उभी होते. गिरगावातल्या फणसवाडीत आत्याच्या शेजारी राहणाऱ्या सुमतीवहिनी बोलत होत्या. इंदूताईंनी चहा ठेवायला सांगितला, कप घेऊन येते तो खुर्चीतच... गिरगावात पोचले तेव्हा आत्याला खाली निजवलं होतं, पण मांडीवरचं पुस्तक कुणीतरी खुर्चीवर तसंच पालथं ठेवलं होतं. माझ्या नातीने आणून दिलेली अलीकडची जाडजूड कादंबरी, पंख फुटलेल्या मुलीची. शेवटची थोडी पानं राहिली होती. सुमतीवहिनी हळहळल्या, तेवढी वाचून व्हायला हवी होती म्हणाल्या. मला वाटलं, बरंच झालं. तिला शेवट सहसा आवडत नसत, आणि लेखक हाताशी नसल्यामुळे बोलणी मला खावी लागत. या गोष्टीला आता महिना होऊन गेला, तरी वाचताना एखादं पात्र मूर्खासारखं वागलं की मी मान वर करून तिच्या शेऱ्याची वाट बघते.

इंदूआत्या माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, धाकटी बहीण; ती त्यांना दादा म्हणायची. तिने लग्न केलं नाही. माझी आई मी रांगत असतानाच गेली, तेव्हापासून फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांचा संसार आत्यानेच ओढला. ती गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायची. तिथे मुलांसाठी नि कुमारांसाठी अद्भुत कादंबऱ्या छापल्या जात. जादूगार, पाताळनगरी, घरातून पळून जाऊन खजिने शोधणारे बहाद्दर पोरगे, असला सगळा मामला. घरातले वडीलधारे त्यांना पोरखेळ म्हणत, पण आत्या तिशीतसुद्धा त्या असोशीने वाचायची, आणि प्रत्येकीबद्दल तिला मत असायचं. न मागता मिळायचं. चार दिवस जंगलात भटकणाऱ्या पोरांना भूक कशी लागत नाही, जादूगार मरण्यापूर्वी एवढं लांबलचक भाषण कशाला करतो, मुलगी आहे ती फक्त पळवून नेण्यासाठीच का... भाजी चिरता चिरता ती लेखकाचीही अशी बारीक चिरफाड करायची. जादू फुकट मिळता कामा नये, हा तिचा पहिला नियम. आणि दुसरा, मेलेला माणूस परत आणायचा नाही. संजीवनी हुंगवून माणसं उठवणारा लेखक तिच्या लेखी भामटा. तो वाचकाला रडवून वर त्याचं रडू लुबाडतो, असं ती म्हणायची.

ती प्रुफं घरी आणायची, कारण तपासायला दोघं लागत. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट फिरवत ताडून पाहायचं. हे वाचायचं काम अण्णांचं. संध्याकाळी फोर्टातल्या कचेरीतून ते आले, चहा झाला, की भावंडं समोरासमोर बसायची. विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची पद्धत होती. "राजपुत्र म्हणाला स्वल्पविराम मी निघालो पूर्णविराम" असं अण्णा एका संथ सुरात वाचत जायचे आणि मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून कान तिकडे लावायची. पुढे शाळेत गोष्ट सांगायला उभं केलं तेव्हा मीही सगळे स्वल्पविराम म्हणून दाखवले होते. वर्ग हसत सुटला. मला मात्र त्यात हसण्यासारखं काय ते कळेना, गोष्ट अशीच सांगतात अशी माझी समजूत होती.

मी आठेक वर्षांची होते त्या वर्षी 'नीलद्वीपाचा पहारेकरी' नावाची तीन भागांची कादंबरी छपाईला आली होती. समुद्रातल्या बेटावर एक पहारेकरी रोज दीपगृहाचा दिवा लावतो आणि वाट चुकलेल्या मुलांना सांभाळतो, अशी ती गोष्ट. दुसऱ्या भागाच्या शेवटी मुलांची होडी वाचवताना तो बुडतो. अण्णांचा आवाज तिथे जरासा अडखळला आणि मी हुंदके देऊन रडले. तो परत येईल ना, म्हणून त्यांना विचारलं, तर उत्तर दिलं आत्याने. हा लेखक बरा वाटतोय, असला चावटपणा नाही करायचा, म्हणाली. अण्णा हसले आणि म्हणाले, "बघू की इंदू, तिसरा भाग येऊ दे."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. वाडीवाडीतून सभा होत, मोर्चे निघत. अण्णा काही पुढारी नव्हते, कचेरी सुटल्यावर गर्दीत जाऊन उभे राहणाऱ्यांपैकी होते. एके दिवशी असेच गेले आणि गोळीबारात सापडले. मला दुपारीच मामा परळला आपल्या घरी घेऊन गेला होता, त्याने मला तिथेच ठेवून घेतलं. दिवसवार सगळं उरकल्यावर मी फणसवाडीत परत आले, तेव्हा मोठ्यांचं ठरून गेलं होतं. पोर आईविना वाढलेली, तिला एवढ्यात सांगायचं नाही. अण्णांना सत्याग्रहात पकडलंय, ते तुरुंगात आहेत, असं सांगायचं. दुसऱ्या कुठल्या काळात हे खोटं टिकलं नसतं. पण तेव्हा वाडीतले निम्मे बाप्ये आतबाहेर करत होते, त्यामुळे माझ्या वडिलांचं तुरुंगात असणं कुणाही मुलाला नवलाचं वाटलं नाही. उलट माझा भावच वधारला. आत्याने ते खोटं स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारलं नाही. मामा सांगत होता तेव्हा ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

मग मी वाट बघायला लागले. सुटून आलेल्यांची मिरवणूक गिरगावच्या रस्त्यावरून निघाली की जिना उतरून धावायचं आणि हार घातलेल्या माणसांचे चेहरे एकेक करून बघायचे. अण्णांच्या घरातल्या चपला दाराशी होत्या, त्या मी रोज सरळ करून ठेवायची, आल्या आल्या पायात घालता याव्यात म्हणून. आत्याला आता वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. ती मूळ प्रत स्वतःच मोठ्याने वाचायची, मग प्रूफ बघायची. वाचता वाचता तिचा सूर खाली उतरायचा, संथ व्हायचा, थेट अण्णांसारखा. गॅलरीत खेळताना तो आवाज ऐकून मी दोनतीनदा आत धावत आले आहे... आत आत्या एकटी असायची, समोरच्या रिकाम्या पाटाकडे तोंड करून. अजूनही कधी संध्याकाळी मला घरात कुणीतरी "पूर्णविराम" म्हटल्यासारखं वाटतं.

अशात तिसऱ्या भागाची प्रुफं आली. मी हट्ट धरला, मूळ प्रत मी वाचते म्हणून. आत्याने ती माझ्या हातून काढून घेतली. तू नुसतं ऐक, म्हणाली, आणि रोज थोडं थोडं वाचायला लागली. शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी दिवेलागण व्हायची होती. मुलं किनाऱ्यावर उभी आहेत, समुद्र शांत झाला आहे, इथवर ती सरळ वाचत आली आणि थांबली. कागदावरची नजर हलेना. मला वाटलं, अक्षर लागत नसावं. मग ती एकदम सपाट आवाजात वाचू लागली. मुलं खूप वेळ उभी राहिली. पहारेकरी आला नाही. तो येणार नव्हता. मग त्यांतली मोठी मुलगी शिडी चढून गेली आणि तिने दिवा लावला.

या वेळी तिने एकही विरामचिन्ह उच्चारलं नव्हतं. मी विचारलं, "मग अण्णा?"

आत्याने चष्मा काढला. "अण्णाही नाही येणार, शकू. ते तुरुंगात नाहीत. ते गेले."

मी रडले की नाही, आठवत नाही. तिने मला मांडीवर ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं, कुठे, कसं, कुणी निरोप आणला, काहीही न लपवता, हे आठवतं. दुसऱ्या दिवशी मामाने तिला पुष्कळ सुनावलं, पोरीच्या जिवाला घोर लावलास म्हणाला. ती एवढंच म्हणाली, "पुस्तकात होतं तेच वाचलं मी."

कॉलेजात असताना दादरला एका मैत्रिणीच्या घरी फडताळात मला तो तिसरा भाग दिसला. उभ्या उभ्याच शेवट काढला. पहारेकरी परत येतो. म्हातारं कासव त्याला पाठीवर घालून किनाऱ्याला आणतं, मुलं त्याच्या ओठांवर झऱ्याचं पाणी शिंपडतात आणि तो उठून बसतो. दिवा तोच लावतो. ती शिडी चढणारी मुलगी पुस्तकात कुठेही नाही. ज्याला मी मनात केव्हाच अग्नी दिला होता तो माणूस वाळूत उठून बसला होता, आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, मला वाटलं की मी खाली रस्त्यावर धावत जावं. मैत्रिणीकडून पुस्तक मागून आणलं ते आणलंच. आत्यापाशी मात्र चकार शब्द काढला नाही. काय विचारणार होते?

विचारलं ते गेल्या वर्षी, तिची नव्वदी जवळ आल्यावर. भिंग धरून ती नातीने दिलेल्या नव्या कादंबऱ्या फडशा पाडल्यासारखी वाचत असे. त्या दिवशी तिची तक्रार चालली होती की या नव्या लेखकांना माणसं मारायची भारी हौस, धडाधड मारतात, पण त्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय होतं ते एकजण लिहील तर शपथ. मी पिशवीतून तिसरा भाग काढून तिच्यापुढे ठेवला. तिने मुखपृष्ठ ओळखलं. दचकली नाही.

"तू रोज त्या चपला सरळ करायचीस," ती म्हणाली. "माझ्या हातात तो कागद. काय वाचायला हवं होतं मी?"

तू केलंस तेच, असं मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. मग शेवटचं पान उघडून तिला दाखवलं. 'पहारेकरी उठून बसला.' ही ओळ तिथे लागोपाठ दोनदा छापली गेली आहे. आत्याने तपासलेल्या पुस्तकात अशी चूक मी दुसरी पाहिलेली नाही. ही नजरेतून सुटली का, म्हणून विचारलं.

ती बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिली.

"सुटली नाही गं. लाल पेन्सिल टेकवली होती खोडायला. पण दादा उठून बसला, हे आपल्या हाताने खोडायचं म्हणजे... नाही झालं माझ्याने."

ती दादा म्हणाली.

परवा नातीने तो तिसरा भाग वाचून दाखवायला सांगितला. शेवटच्या पानावर ती मला थांबवून म्हणाली, "आजी, ही ओळ आत्ताच वाचलीस." मी म्हटलं, हो, ती दोनदाच आहे. आणि पुन्हा वाचली.