चानोचा फोन

ओतिलियामावशीला लोक आजही नावं ठेवतात. ठेवणाऱ्यांची जीभ कशी झडत नाही, याचंच मला नवल वाटतं. त्या दिवशी उबाल्दो माझ्या घरात होता. मग मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

आमची नगरपालिका ती केवढी! दोन खोल्यांची कचेरी, छपरावर कर्णा आणि पाण्याचा एक टँकर. टँकरवर चढलं की सीमेचं कुंपण दिसतं, त्यापलीकडे अमेरिका. गावातले निम्मे पुरुष तिकडेच. फोन मात्र गावात एकच, कचेरीच्या पुढच्या खोलीत, आणि तो तेवीस वर्षं मावशीनं सांभाळला. पलीकडून फोन आला की ती कर्ण्यावरून पुकारायची, "बेनिग्ना, तुझ्या नवऱ्याचा फोन! चूल सोड आणि पळ!" माणूस हातातलं टाकून धावायचा. फोन कोणाचा ते नाव घेऊन सांगायचं, हा तिचा नेम. आणि फोनच्या बाबतीत बाई खोटं बोलायची नाही. माझ्याच नवऱ्यानं एकदा 'मी घरी नाही म्हणून सांग' म्हटलं, तर तिनं त्याला कर्ण्यावरूनच झापलं. आठवडाभर तो बाहेर पडला नाही.

उबाल्दो एन्सिनास टँकर चालवायचा. बंदूकवाल्यांना तो टँकर हवा होता, टाकीत चोरटा माल भरून कुंपणापर्यंत न्यायला. उबाल्दो म्हणाला, "लोक या टाकीतलं पाणी पितात." एवढंच. नगराध्यक्षांनी त्याची बाजू घेतली, तर सोमवारी त्यांना कचेरीच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या. गुरुवारी दुपारी ते बंदूकवाले उबाल्दोसाठी आले.

मी तोर्तियाच्या पोळ्या लाटून विकते. उबाल्दो माझ्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांआड बसला होता. संध्याकाळी माझा भाऊ त्याला गाडीतून लांब नेणार होता. तेवढे चार तास काढले की पोरगा वाचला.

आमच्या गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. त्यांनी न्हाव्याला घर विचारलं आणि त्याचे पुढचे दात पाडले. शाळेच्या शिपायाला विचारलं, त्याच्या गुडघ्यात गोळी घातली. कोणी तोंड उघडलं नाही. मग त्यांचं लक्ष कर्ण्याकडे गेलं.

पुढचं मावशीनं मला नंतर सांगितलं. त्यांच्यातल्या लाल टोपीवाल्यानं तिचा डावा हात टेबलावर दाबला आणि बंदुकीच्या दस्त्यानं दोन बोटं मोडली.

"पुकार त्याला. फोन आलाय म्हण."

"कोणाचा म्हणू? नाव घेतल्याशिवाय इथं कुत्रंसुद्धा येत नाही, मुडद्या."

"घे कोणाचंही, म्हातारे. आटप!"

तिथं तिला सुचलं. उबाल्दोचा धाकटा भाऊ चानो सहा वर्षांपूर्वी कुंपण ओलांडून वाळवंटात शिरला, तो गेलाच. प्रेत मिळालं नाही. शेवटी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, गावानं रिकामी पेटी पुरली. त्याची वर्दी मावशीनंच कर्ण्यावरून दिली होती. मेलेल्या माणसाचा फोन! यात काळंबेरं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

कर्णा खरखरला. "उबाल्दो एन्सिनास, तुझा फोन. चानोचा फोन आहे. तुझ्या भावाचा, चानोचा."

गल्लीत धडाधड दारं लागली. बेनिग्नानं पोरं आत ओढली. सगळं गाव समजलं. मीही समजले. मनात म्हटलं, शाब्बास गं माझी वाघीण!

मागे वळले तर उबाल्दो उभा. अंगभर पीठ आणि चेहरा असा फुललेला की मला धडकीच भरली.

"ऐकलंस ताई? मी म्हणत नव्हतो? जिवंत आहे चानो!"

"अरे वेड्या, तुला सावध करतेय ती! घात आहे!"

"मावशी फोनचं खोटं सांगत नाही."

मी त्याच्या शर्टाला लोंबकळले. बाही फाटून माझ्या हातात आली आणि तो सुटला. रिकाम्या गल्लीतून धावताना एक चप्पल निघाली, तरी थांबला नाही.

त्याला दारात पाहून मावशी किंचाळली, "पळ, उबाल्दो! पळ रे!" पण त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. थेट फोनशी गेला, रिसीव्हर कानाला लावला. "चानो?" म्हणाला. तेवढ्यात त्याच्या पाठीत पाच गोळ्या घुसल्या. मुठीतला रिसीव्हर सुटेना, तो मावशीनं मोडक्या बोटांनी सोडवला. तिला त्यांनी जिवंत ठेवलं. वर लाल टोपीवाला म्हणतो कसा, "झकास पुकारलंस, म्हातारे."

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी कचेरीची फरशी घासत होतो. उबाल्दोची आई भिंत धरत धरत आत आली.

"ओतिलिया, उबाल्दोचं चानोशी बोलणं झालं का गं?"

मावशीनं ब्रश बादलीत टाकला.

"झालं," ती म्हणाली. "दोघं बोलले. तुझी विचारपूस केली चानोनं."

म्हातारीनं डोळे पुसले, शालीखालची जपमाळ मुठीत घट्ट धरली आणि फोनशेजारच्या बाकावर बसली.

"मग मी इथंच थांबते," ती म्हणाली. "परत फोन करेल तो."