खाऱ्या पाण्यात उरलेलं भात

बाबांना जाऊन आज वर्ष झालं, आणि या वर्षभरात मी त्यांचं भात जवळजवळ मारलं.

मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते. उत्क्रांतीचा चॅप्टर दरवर्षी माझ्याकडेच.
बाबा सातवी पास. तारकर्लीच्या खाडीकाठी आमचं एवढंसं शेत. आजूबाजूला आता सगळे होमस्टे.

मी शाळेत असताना एकदा बांध फुटला आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं. अख्खं भात करपलं.
एका कोपऱ्यात मूठभर रोपं तेवढी हिरवी राहिली.
बाबांनी त्यांच्याच लोंब्या वेगळ्या काढून बियाणं धरलं. पुढच्या वर्षी परत तेच. असं कितीतरी वर्षं.
शेवटी खारं पाणी आलं तरी उभं राहणारं भात आमच्याकडे तयार झालं.

घरचंच उदाहरण म्हणून एकदा मी बारावीचा वर्ग शेतावर नेला. बांधावर उभी राहून ऐटीत सांगितलं, "हळूहळू या भाताला खाऱ्या पाण्याची सवय झाली."

बाबा मागे बांधाला चिखल लावत होते. मान वर न करता म्हणाले,
"कसली गो सवय, बाय? मेला ता मेला. रवला ता पयल्यापासूनच तसा होता. आमका म्हायत नव्हता, इतक्याच."

मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, काकांचा बरोबर आसा."
तिला मी गप्प बसवलं. बाबांशी दोन दिवस बोलले नाही. अख्ख्या वर्गासमोर माझं नाक कापलं होतं ना!

बरोबर तेच होते.
रोपाचा मूळ गुण त्याच्या हयातीत बदलत नाही. दिसायला सारखी असली तरी शेतातली रोपं आधीपासूनच थोडी थोडी वेगळी असतात. खाऱ्या पाण्यात त्यातली काहीच तगतात आणि त्यांचा गुण बियाण्यातून पुढे जातो. नॅचरल सिलेक्शन म्हणतात ते हेच.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात चूक कबूल केली.
घरी मात्र नाही. लेक अजून चुकीचंच शिकवते, असं वाटत राहिलं असेल त्यांना.

गेल्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर ते गेले. शेत पडीक राहिलं. पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी माळ्यावर तशीच पडून.
हे बियाणं दुसऱ्या कोणाकडेच नाही, आणि पेरलं नाही तर ते मरत जातं.

भेटेल तो सांगतो, "होईल हळूहळू सवय."

मी अजून गेटशी आले की स्कूटरचा हॉर्न वाजवते. बाबा येऊन आगळ काढायचे.
आता कोणी येत नाही. मग मीच उतरते.
फार एकटं वाटतं घरात. खोटं कशाला बोलू?

गेल्या रविवारी मुडी खाली काढली. बाबा करायचे तसे वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले.
तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं. सोळा दाणे तसेच. चारांना मोड.

मी मोठमोठ्याने रडले. काय झालं ते विचारायला घरात कोणी नव्हतं.

आता अख्खी मुडी पेरणार आहे. एखादा कोपरा तरी हिरवा होईल. त्याच्याच लोंब्या ठेवीन.

श्रद्धांजली मला नीट लिहिता येत नाही. घरी बोलायचं राहिलं, ते आज सगळ्यांसमोर लिहिते.

बाबानू, तुमचा बरोबर होता.
सवय लागणा नाय.