सिम्हा म्हणजे आनंद

आमच्या नारळीच्या वाडीला लागून तेलाचा घाणा होता. घाणेवाले काका बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. तेव्हा रेवदंड्यात त्यांची बरीच घरं होती. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. आमचं वाळलेलं खोबरं त्यांच्याकडे जायचं आणि तेल होऊन परत यायचं. बोली आमचीच, काकींची नऊवारी आमच्यासारखीच, गळ्यात मंगळसूत्र. नावं तेवढी निराळी. त्यातही त्यांच्या धाकट्या मुलीचं नाव त्यांच्या लोकांतसुद्धा आसपास कुणाचं नव्हतं. तिचं नाव सिम्हा.

ते नाव कसं पडलं हे काकी माझ्या आईला सांगायच्या, तेव्हा मी तिथंच असायचे. दोन मुलगे झाले आणि मग लागोपाठ बाळं गेली. कुणी महिन्याचं, कुणी बारशाच्याही आधी. पुन्हा दिवस राहिले तेव्हा काकी कुणाला सांगायलाही भीत होत्या. ही जन्मली ती त्यांच्या एका सणाच्या दिवशी. भातं पिवळी पडायला लागली की तो सण येतो. त्या दिवशी धर्मग्रंथाची गुंडाळी हातात घेऊन पुरुष मशिदीत नाचतात. त्यांच्या प्रार्थनाघराला गावात मशीदच म्हणत. त्या सणाच्या नावातच सिम्हा हा शब्द आहे. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ आनंद. काका नाचून घरी आले, तर सुईण दारात उभी. त्यांनी तिथंच नाव ठेवलं. काकींच्या मनात आजीचं नाव होतं, पण काकांनी ऐकलं नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आमच्या शाळेत नवे गुरुजी आले. सिम्हा माझ्यापुढे एक इयत्ता होती, पण दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसत. हजेरी घेताना गुरुजी अडखळले. "सिंहा? हे काय, मुलीचं नाव सिंह?" सगळी पोरं हसली. एकानं डरकाळी फोडली. दुसरा म्हणाला, "गुरुजी, तिला शिमगा म्हणतात." ती खाली मान घालून बसली आणि सुट्टीत मला न घेता एकटीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काका शाळेत आले. मशिदीत जाताना घालायचा काळा कोट आणि टोपी घालून आले होते.

"गुरुजी, माझ्या मुलीच्या नावाचा अर्थ आनंद असा आहे."

"असं होय! मग आनंदी लिहू का? मुलं चिडवणार नाहीत."

"आनंदी चांगलंच नाव आहे," काका म्हणाले, "पण तिचं नाही."

गुरुजी भले माणूस. त्यांनी काकांकडून तो शब्द दोनतीनदा म्हणवून घेतला, फळ्यावर लिहिला आणि आम्हा सगळ्यांकडून म्हणवून घेतला. माझ्या नावाच्या त्या खोलीत आणखी दोघी होत्या. मला तिचा हेवा वाटला. पण गावाची जीभ काही वळली नाही. मासळी घेऊन येणारी कोळीण हाक मारायची, "अगो शिमे, पानी दे गो." सिम्हा पाणी द्यायची आणि हसून म्हणायची, "सिम्हा गं मावशी, सिम्हा." कोळीण म्हणायची, "त्येच म्हनलू मी."

पुढच्या वर्षांत त्यांची घरं एकेक करून बंद व्हायला लागली. इस्रायल नावाचा देश झाला होता आणि तिथं आपल्या माणसांना बोलावतायत, असं बोलणं सुरू झालं. कुणी आधी मुंबईला जायचं, मग तिथून विमानानं पुढं. सिम्हाचे दोघे भाऊ बायकामुलांसह गेले. त्याच्या आदल्याच वर्षी काकी गेल्या होत्या, मुदतीच्या तापानं. मागं राहिले काका आणि ती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा मुंबईत गिरणीत फिटर होता, त्यांच्यातलाच. उंच, कमी बोलणारा. साखरपुड्याला आला तेव्हा त्यानं तिच्यासाठी अत्तराची कुपी आणली होती. लग्न करून काकांना घेऊनच तिघांनी जायचं, असं ठरलं होतं.

मग एका सकाळी काका घाण्याशेजारी पडले. उजवं अंग गेलं. अलिबागहून डॉक्टर आले, औषधं झाली. जीव वाचला, पण पाय उचलेना. परदेशी नेण्यासारखी त्यांची प्रकृती नव्हती.

माझं लग्न तेव्हा नुकतंच नागावला झालं होतं. माहेरी आले की मी आधी कुंपण ओलांडून तिच्याकडे जायचे. त्या मुलानं वर्षभर वाट पाहिली. मग तो येऊन सांगून गेला, "मी पुढं जातो, घर बघतो, मग तुम्हा दोघांना बोलावतो." तिनं त्याला मासे तळून जेवायला घातलं. तो गेला. नंतर तिच्या भावाकडून कळलं की त्यानं तिकडंच लग्न केलं.

मला तिनं हे विहिरीवर सांगितलं, काकांचे कपडे पिळता पिळता.

"तू काही कळवलं नाहीस त्याला?" मी विचारलं.

"काय कळवू? बाबा कधी मरतील ते?" एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्याचंही बरोबर आहे गं. माणूस किती थांबणार?"

काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. आजारात त्यांची जीभ जड झाली होती. पाणी, भात, बैल असे शब्द यायचे. मुलीचं नाव मात्र येईना. 'सि' म्हणायचे आणि पुढचं जोडाक्षर काही केल्या फुटायचं नाही. एकदा मी समोर होते. ते सि, सि करत राहिले, डावा हात खाटेच्या कडेवर आपटला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ती चुलीपाशी होती. धावत आली, त्यांचं डोकं पोटाशी धरलं. "आले बाबा. कळलं मला. मलाच बोलावताय ना? आले." मला तिथं उभं राहवेना. मी अंगणात जाऊन कोंबड्यांकडे बघत बसले.

अशी कितीतरी वर्षं गेली. घाणा बंद झाला, बैल माझ्या वडिलांनी नेला. ती वाती वळायची, शिवण करायची, वाडीतली सुपारी सोलायला आमच्याकडे यायची. तिला कुणी विचारलं, "तू जा ना आता, आम्ही बघू म्हाताऱ्याला," तर ती उठून काकांना पाणी पाजायला जायची.

काका गेले ते उन्हाळ्यात. निरोप मिळाला तशी मी नागावहून आले. त्यांच्या धर्मात मयताची एक प्रार्थना आहे, ती म्हणायला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. रेवदंड्यात आता तेवढे राहिलेच नव्हते. मशिदीला महिनोन्महिने कुलूप असायचं. अलिबागला माणूस धाडला. दुपारच्या गाडीनं काही वयस्कर मंडळी आली, चौलकडून दोघं चालत आले. तरी एक कमी पडत होता. ऊन चढलं होतं, मयत ठेवणं शक्य नव्हतं. माझे वडील, मुसलमान आळीतले दोन खलाशी, कोळीवाड्यातले चौघे असे सगळे खांदा द्यायला आलेले. वडील अलिबागहून आलेल्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या गृहस्थांजवळ गेले. "आम्ही उभं राहिलो तर चालेल का?"

म्हाताऱ्यांनी जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "राहा उभे," ते म्हणाले. "मोजणीत धरता येणार नाही. पण राहा."

बाकीच्या प्रार्थना झाल्या. ती एक राहिली. सिम्हा दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकत होती. रात्री मी तिच्याकडेच झोपले. ती म्हणाली, "आईला, त्या सगळ्या बाळांना ज्यांनी पोहोचवलं, त्यांना पोहोचवायला कुणी नाही." मी तिचा हात धरून पडून राहिले.

भावांनी बोलावून घेतलं. पावसाळ्यानंतर लाँच सुरू झाल्या आणि ती निघाली. धक्क्यावर माझी आई, मी आणि माझा लहान मुलगा गेलो होतो. आईनं डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली. सिम्हा तेव्हा पंचविशी ओलांडलेली, पण केस कानापाशी पांढरे झाले होते.

"तिकडं तरी तुला कुणी शिमगा म्हणणार नाही," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"हो ना," ती म्हणाली. "तिथं सगळ्यांना अर्थ माहीत असेल."

लाँच निघाली. ती आत बसली नाही, कठड्याला धरून उभी राहिली. भोवतालची माणसं तिला बसायला सांगत होती.

पुढं पाचएक वर्षांनी तिचा चुलतभाऊ मुंबईला आला होता, तो एका दिवसासाठी रेवदंड्यालाही आला. मी मुद्दाम माहेरी गेले. त्यानं सांगितलं ते असं. ती वाळवंटातल्या एका नव्या गावात राहते, भावाच्या घरी एका खोलीत. कापडाच्या कारखान्यात जाते. समुद्र तिथून दूर. लग्न झालं नाही.

"आणि नाव?" मी विचारलं. "तिकडं नीट म्हणतात ना?"

तो हसला. "तिकडं सिम्हा म्हणजे म्हाताऱ्या बायकांचं नाव. मोरोक्कोहून आलेल्या कितीतरी आज्या सिम्हाच. कारखान्यात हाक मारली की तिघीचौघी वळून बघतात. म्हणून हिला हिंदुस्थानवाली म्हणतात. नाव कुणी घेतच नाही."

मी त्याला कोकमं आणि वालाची पुरचुंडी बांधून दिली. ओझं होतं म्हणून त्यानं वाल काढून ठेवले, कोकमं तेवढी नेली. ती तिला मिळाली की नाही, कळलं नाही. तो परत कधी आला नाही.

आई शेवटपर्यंत विचारायची, "तिची काही खबर?" मी म्हणायचे, "बरी आहे." आई मान डोलवायची आणि पुन्हा सुपारी निवडायला लागायची.