गल्लीने दिलेला कोट

लेकीच्या पाचवीच्या वर्गात बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याच्या वाट्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा जो पुढारी येईल, त्याने त्याच्या वेषात उभं राहून त्याची कहाणी ‘मी’ म्हणून सांगायची. सगळ्यांना घोड्यावरचा सेनापती हवा होता. आमच्या पोरीच्या नशिबी आला बॉस्टनचा, हात थरथरणारा, वडिलांचा धंदा बुडवलेला, विटक्या कपड्यांतला माणूस. ती फुगून बसली. खरं सांगते, मीही मनात म्हटलं, हाच मेला उरला होता!

आम्ही तेव्हा अमेरिकेत, आयसेलिनला राहायचो. लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं आणली, डिक्शनरी शेजारी घेऊन वाचायला बसले आणि मीच त्याच्या प्रेमात पडले. काय माणूस होता! गोदीतल्या हमालांशी बोलायचा, व्यापाऱ्यांशी बोलायचा, पत्रं लिहून लिहून गावोगावची माणसं जोडायचा. समुद्रापलीकडच्या राजाला घाम फोडला त्याने, आणि स्वतःच्या अंगावर धड कोट नाही. फिलाडेल्फियाच्या मोठ्या सभेला जायची वेळ आली, तेव्हा गावातल्या लोकांनीच त्याला नवे कपडे शिवून दिले, हॅट दिली, बूट दिले. त्याने ते घातले आणि गेला.

“अगं, हा तर आहेर!” मी लेकीला म्हटलं. आता तिच्यासाठी कोट हवा होता. नवऱ्याचा एक जुना करडा लोकरीचा कोट कपाटात प्लॅस्टिकमध्ये पडून होता. ‘शिकायला अमेरिकेत येताना शिवून घेतला होता’, एवढंच ते सांगायचे. कधी घालत नसत, टाकूही देत नसत. ते ऑफिसात असताना मी कात्री लावली. बाह्या कापल्या, मग अस्तर उसवलं. आत कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलेलं! कुणी आहेर केला की त्या कापडाला कुंकू लावतात. स्वतः शिवून घेतलेल्या कोटाला हा गृहस्थ कशाला कुंकू लावतोय? मी कात्री खाली ठेवली.

संध्याकाळी त्यांनी कापलेल्या बाह्या पाहिल्या आणि खाली बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग हळूहळू बोलले. वडील नव्हते, अंगावर घालायला धड काही नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी मिळून कापड आणलं, समोरच्या शिंपीकाकांनी दारात उभं करून माप घेतलं. ह्यांना इतकी लाज वाटली, की निघताना कुणाला धड नमस्कारही केला नाही. चौदा वर्षांत एक पत्र नाही.

“आता कुठल्या तोंडानं लिहू?” ते म्हणाले.

मी चांगलंच फैलावर घेतलं, आजच्या आज पत्र लिहा म्हटलं. पण माझं ऐकतील तर ते कसले!

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो. लेक त्या कोटात उभी राहून छान बोलली. शेवटी एका मुलीने विचारलं, लोकांनी दिलेले कपडे घालायची तुम्हाला लाज नाही वाटली? हे काही आम्ही पाठ करून घेतलं नव्हतं. लेकीने क्षणभर बाही चाचपली.

“नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी त्यांच्याच वतीने चाललो होतो. मग त्यांनी दिलेलंच घालणार ना?”

ह्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मला इतका अभिमान वाटला तिचा, आणि त्या विटक्या कोटातल्या माणसाचाही.

त्या रविवारी ह्यांनी शिंपीकाकांना पत्र लिहिलं. नमस्कार सगळ्या गल्लीला, एकेकाची आठवण काढून. कोट कापल्याचं मात्र ह्यांनी लिहिलं नाही, धीरच झाला नाही. दीड महिन्याने उत्तर आलं. त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. सगळ्यांची खुशाली होती, आणि खाली थरथरत्या अक्षरात एक ओळ: ‘कोट अजून अंगाला होतो का?’

हे खूप हसले. हसता हसता डोळे भरून आले. मग तिथेच उभ्या उभ्या उत्तर लिहिलं, ‘मला नाही होत, काका. आता मुलीला होतो.’